बावीस वर्षांची गळती

माझे काका रिकाम्या गॅरेजात प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट बघतात. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे नंतर कुणी दचकायला नको. प्रश्न एकच आहे, आणि गेली बावीस वर्षं तोच आहे. "कॉक बंद?"

जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते आणि टाकीतून कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या वाटेवर एक कॉक असतो, घरातल्या पाण्याच्या नळाला असतो तसाच. त्याची बोटभर दांडी सीटच्या खाली, पुढच्या बाजूला बाहेर आलेली असते. ती एकीकडे फिरवली की पेट्रोल सुरू, दुसरीकडे फिरवली की बंद. गळणाऱ्या कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी हा कॉक बंद हवा, एवढं कुठल्याही मेकॅनिकला कळतं. काकांना ते जरा जास्तच कळलेलं आहे. ते पाना हातात घेतात, प्रश्न विचारतात, मान किंचित तिरकी करून चार श्वास थांबतात, मग पाना खाली ठेवून स्वतः जातात आणि दांडी बोटाने चाचपून येतात. त्याआधी एक स्क्रू हलत नाही.

गल्लीत त्यांना 'बंद मिस्त्री' म्हणतात. गॅरेज उघडं पण मिस्त्री बंद, हा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय की करणाऱ्याची आता कीव येते. नवखं गिऱ्हाईक गोंधळून म्हणतं, मला विचारताय का? काका म्हणतात, नाही, तुम्हाला नाही. मग कुणाला, असं पुढे विचारायच्या फंदात सहसा कुणी पडत नाही.

माणूस उंच, खांद्यात वाकलेला, लग्न न केलेला. दोन खाकी शर्ट, एक अंगात आणि एक दोरीवर. काढलेले स्क्रू टवके उडालेल्या एका ताटात, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ओळीत मांडायचे, आणि त्या ताटाला कुणाचा धक्का लागला तर दिवसभर त्याच्याशी अबोला. नव्या गाड्यांना ते हात लावत नाहीत. ही खोकत नाही, धूर सोडत नाही, मग हिला काय होतंय ते कळणार कसं, असं म्हणतात. कार्ब्युरेटर मात्र त्यांचा प्राण. त्यातला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारी पितळेची पोकळ डबी, ते कानाशी धरून हलवतात. आत काही डुचमळलं की समजायचं, डबीला भोक आहे. भोक पडलेला फ्लोट जड होऊन बुडतो, त्याच्या डोक्यावरची सुई पेट्रोलची वाट अडवत नाही, आणि स्कूटर उभ्या जागी थेंब थेंब गळत राहते. मग त्या भोकाला डाख द्यायचा, म्हणजे तापलेल्या लोखंडाने कथील वितळवून ते बुजवायचं. काम दहा मिनिटांचं, पण विस्तवाचं.

विस्तव ते गॅरेजात पेटवत नाहीत. स्पिरिटचा छोटा दिवा घेऊन बाहेर ओट्यावर बसतात, पाऊस असला तर डोक्यावर छत्री धरून. हेही लोकांना गमतीचं वाटतं. लोकांचं काय, त्यांना दुसऱ्याच्या भाजलेल्या हातावरही गंमत सुचते.

गॅरेजच्या मागच्या भिंतीत एक दार आहे, तीन पायऱ्या, आणि वर आमचं स्वयंपाकघर. दुपारी आई काकांचं ताट वाढून सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवायची आणि आत निघून जायची. काका ताट घ्यायचे, खाली बसून जेवायचे, ताट घासून परत पायरीवर ठेवायचे. आईने बावीस वर्षांत एकदाही त्यांना उपाशी ठेवलं नव्हतं आणि बावीस वर्षांत ती त्यांच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. 'त्यांना सांग, उद्या नळाला पाणी नाही.' 'त्यांना विचार, शर्ट धुवायला टाकायचाय का.' त्यांच्यात आणि तिच्यात तीन पायऱ्या, आणि मी निरोप्या. लहानपणी कंटाळून मी निरोप उलटेपालटे करून सांगायचे, तर दोघांनीही कधी चौकशी केली नाही.

कारण माझे बाबा. काकांचे धाकटे भाऊ. गॅरेज दोघांचं होतं. त्या दुपारी एक गळणारी स्कूटर आली होती, तिच्यासाठी बाबा मागच्या टेबलावर जुन्या फ्लोटला डाख देत होते. काका जेवायला वर आले. गॅरेजातली फरशी धुतलेलं पाणी मागच्या मोरीकडे जावं म्हणून उतरती आहे, आणि टेबल मोरीशी आहे. स्कूटरचा कॉक उघडा होता. पाऊण तास पेट्रोल थेंबाथेंबाने गळून उताराने मागे आलं, टेबलाखाली साचलं. बाबांना वास आला नसेल, कारण ज्याच्या नाकात जन्मभर पेट्रोल त्याला पेट्रोलचा वास काय येणार. डाखाचं लोखंड थंड झालं म्हणून त्यांनी परत स्टोव्ह पेटवला. मी बारा वर्षांची होते आणि शाळेत होते, एवढं एकच बरं झालं.

काकांनी पोलिसांना, शेजाऱ्यांना आणि आईला एकच वाक्य सांगितलं. "कॉक मी उघडा ठेवला." पुढे नाही, मागे नाही. आईने ते ऐकलं आणि त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही.

आणि मी? मी काकांवर माया केली, आणि मनातल्या मनात दर वेळी हिशेब विचारत राहिले. तुम्ही का नाही बघितलं? जो माणूस स्क्रूंची ओळ वाकडी होऊ देत नाही, तो कॉक उघडा ठेवून जेवायला कसा जातो? हे मला कधी पटलं नाही. पण त्यांच्याच तोंडून आलेलं, मग खोटं कसं म्हणणार?

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. दुकान दुपारी एक ते चार बंद असतं. गेल्या वर्षी काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि सुईच्या टोकावरची झीज त्यांना दिसेनाशी झाली, तेव्हापासून त्या तीन तासांत मी गॅरेजात जाऊन बसायला लागले. माझ्याकडे डोळ्याला लावायचं भिंग आहे. ते लावून मी सुई बघायची आणि सांगायचं, टोकाला वळ पडलाय किंवा नाही. आईला हे आवडलं नाही. पण तिने तसं सांगायला मी सोडून दुसरं कुणी नव्हतं, आणि मला तिने सांगितलं नाही.

दुपारी गल्ली झोपलेली असते. शटर पूर्ण वर असलं तरी मागचं टेबल अंधारातच राहतं. भिंतीवरचा काळा डाग काकांनी तीनदा रंगवला आणि तो तिन्ही वेळा वर आला. मला तिथे भीती वाटायची असं नाही. फक्त टेबलाकडे पाठ करून बसायला नको वाटायचं, आणि मी स्टूल नेहमी भिंतीला लावून घ्यायचे.

पहिल्या आठवड्यातच ते झालं. काकांनी पाना घेतला, विचारलं, "कॉक बंद?" मी भिंगातून सुई बघत होते. चार श्वासांची ती शांतता सुरू झाली आणि तिच्या मध्यावर, टेबलाच्या बाजूने, कुणीतरी म्हणालं, बंद.

आवाज हळू होता. आपल्याच कामात गढलेला माणूस मान वर न करता बोलतो, तसा. रस्त्यावरून कुणी बोललं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण रस्ता पुढे होता आणि आवाज मागून आला होता. शिवाय तो जरा दबका, अडकलेला होता, ओठांत काहीतरी धरून बोलल्यासारखा. माझे बाबा काम करताना स्क्रू ओठांत धरायचे. आई त्यावरून त्यांना रोज ओरडायची.

मी काकांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, शेजाऱ्याने हाक मारल्यावर हलवावी तशी, आणि जाऊन दांडी चाचपली. कॉक बंद होता. ते कामाला लागले. मी भिंग काढून खिशात ठेवलं आणि स्टूल आणखी भिंतीला टेकवलं.

मग दोन दिवस काही नाही, मग पुन्हा. कधी यायचा, कधी नाही. त्यानंतरच्या एका मंगळवारी आवाज आला, बंद, आणि काकांनी दांडी चाचपली तर कॉक उघडा होता. त्यांनी तो शांतपणे फिरवला. तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

"काका, तुम्हाला ऐकू आलं?"

"येतं ना."

"पण ते चुकीचं होतं."

"तो नेहमी बंदच म्हणतो," काका म्हणाले. "म्हणून ऐकायचं नसतं, बघायचं असतं. आणि एक लक्षात ठेव, मी विचारलं की तू उत्तर द्यायचं नाहीस. कधीच नाही."

हे ते इतक्या साधेपणाने बोलले की मी घाबरायचीच विसरले. भीती नंतर आली, काचा घासताना, दुकानात माणसं असताना. मेलेला माणूस खोटं बोलतो याची नाही. तो अजूनही बघत नाही, याची.

या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर पोस्टमास्तर आले. निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली असतील, पण गल्लीत पदवी कुणी काढून घेत नाही. त्यांच्यामागे हमालाने ढकलत आणलेली एक निळी स्कूटर होती. तिची डावी बाजू काळवंडलेली, रंग फोडांनी उठलेला. काका तिच्याकडे बघत उभे राहिले. डोळे अधू, पण ती त्यांना लांबूनच कळली. मला उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा मी स्टुलावरून उठले.

ती तीच स्कूटर होती. त्या दिवशी पुढच्या बाजूला उभी होती म्हणून कुणीतरी ओढून रस्त्यावर काढली आणि वाचली. पोस्टमास्तरांनी ती बावीस वर्षं ताडपत्रीखाली ठेवली. भंगारात द्यायला हात होईना आणि बघायला जीव होईना, असं ते म्हणाले. आता त्यांना घर सोडून मुलाकडे जायचं होतं. जाण्याआधी ती एकदा चालती बघायची होती, नाहीतर मग काका सांगतील तसं. इतक्या वर्षांत तिला कुणी हात लावलेला नव्हता, म्हणजे गळतीही तशीच होती.

काकांनी रंगाच्या फोडांवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, ठेवा.

त्यांचा एक नेम आहे. चालू फ्लोट हाताशी तयार असल्याशिवाय ते कार्ब्युरेटर उघडत नाहीत, उघडून ठेवलेल्या गोष्टीत कचरा जातो म्हणून. तेव्हा आधी फ्लोट. या बनावटीचा नवा मिळत नाही. त्यांनी वरच्या फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला, फडक्यात गुंडाळलेला एक फ्लोट माझ्या हातात दिला आणि भिंगातून बघ म्हणाले. पितळ काळं पडलं होतं. एका कडेला सुईच्या टोकाएवढं भोक, आणि भोकाच्या अर्ध्यावर येऊन थांबलेला डाखाचा थेंब.

"हा बाबांचा?" मी विचारलं.

"पुरा करायचा राहिला होता," काका म्हणाले, आणि तो परत फडक्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांना डोळे तपासायला बोलावलं होतं. ऑपरेशनची तारीख ठरायची होती. मी दुकानातून एकला निघून गॅरेज उघडलं, ते यायचे होते, वीज गेलेली होती. तेवढ्यात पोस्टमास्तर पेट्रोलची बाटली घेऊन हजर. त्यांना चैन पडत नव्हतं. टाकीत पेट्रोल ओतलं, जरा फरशीवर सांडलं, आणि वाकून कॉक उघडला. बघ, म्हणाले, बरोबर तशीच गळते. दोन मिनिटांत कार्ब्युरेटरच्या खाली एक थेंब लोंबला, पडला, दुसरा लोंबला. आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो.

"त्या दिवशी मी इथेच दारात उभा होतो," ते म्हणाले. "मिस्त्री जेवायला निघाले होते. जाता जाता विचारलं, कॉक बंद? तुझे बाबा तिकडे टेबलाशी, पाठमोरे. म्हणाले, बंद. मला वाटलं, यांनी बघितलं असेल, मी कशाला बघू. बाई, मी जवळ होतो, हात लांब केला असता तर पुरला असता. बावीस वर्षं मला याची झोप नाही."

मी म्हटलं, काय म्हणालात?

त्यांनी पुन्हा सांगितलं. आम्हाला हे माहीत असणार, असं ते धरून चालले होते. मिस्त्रींनी घरी सांगितलं असेलच ना, असं दोनदा म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांना कळलं असावं, कारण ते चाचपडत उठले, रिकामी बाटली घेतली आणि भर उन्हात निघून गेले.

मी तिथेच बसून राहिले. आवाज आठवत होता. ओठांत स्क्रू धरून, मान वर न करता. बंद. बंद. बाबांनी त्या दिवशी जे म्हटलं तेच ते अजून म्हणत होते, आणि काका बावीस वर्षं रोज ते ऐकत होते. ज्याला उत्तर देऊन फसवलं त्याच्याच डोक्यावर सगळं पाप, आणि वर पायरीवरचं मुकं ताट. मला इतका राग आला की कुणाचा आला तेही कळेना. बाबांचा, काकांचा, आईचा, सगळ्यांचा एकदम.

काका आले तेव्हा डोळ्यांवर काळा चष्मा होता, मीच दिलेला. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले होते, उजेड सोसवत नव्हता. आत आल्याबरोबर त्यांनी शटर निम्म्यावर ओढलं आणि डोळ्यांवर हात ठेवून टायरवर बसले. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. पोस्टमास्तर काय म्हणाले ते एका दमात सांगितलं, आणि आवाज चढला माझा, मागचं दार उघडं आहे हे माहीत असूनही चढला.

काकांनी हात खाली घेतला. "बोलले का," म्हणाले.

"खरं आहे?"

"त्याने विचार करून नव्हतं म्हटलं. सवयीने म्हटलं. दिवसातून वीस वेळा मी विचारायचो, वीस वेळा तो बंद म्हणायचा. सवय मीच लावली ना."

"मग आईला का नाही सांगितलंत? बावीस वर्षं ती तुम्हाला भिंत समजते."

"राग धरायला माणूस जिवंत लागतो," काका म्हणाले. "त्याच्यावर राग धरला असता तर ती उभीच राहिली नसती, आणि तू लहान होतीस. आणि गेलेल्याच्या डोक्यावर कशाला ठेवायचं? त्याला उत्तर देता येत नाही."

"रोज देतात ते काय मग?"

"ते उत्तर नव्हे गं," काका म्हणाले. "सवय आहे ती. अजून सुटली नाही बिचाऱ्याची."

मला रडायला आलं आणि मी ते येऊ दिलं नाही. काका उठले. आज हा फ्लोट पुरा करतो, म्हणाले, आणि फळीवरून फडकं घेतलं, स्पिरिटचा दिवा घेतला, लोखंड घेतलं. दिवा घेऊन ओट्याकडे निघाले, शटरखालून वाकले, आणि उन्हाची तिरीप डोळ्यांवर आल्याबरोबर कळवळून मागे फिरले. दोन वेळा प्रयत्न केला. मग अंधाराकडे वळले. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दिवा मागच्या टेबलावर ठेवला. काडेपेटी काढली आणि थांबले.

"कॉक बंद?"

मी स्कूटरपासून दोन हातांवर उभी होते. पाठ तिच्याकडे, हातात त्यांनी बघायला दिलेला तो फ्लोट, डोळ्याला भिंग, आणि भिंगाच्या आतून सगळं पाण्याने भरलेलं. मला ती शांतता नको होती. मला तो आवाज त्या घटकेला ऐकायचाच नव्हता.

"बंद," मी म्हणाले.

काकांचं डोकं माझ्याकडे वळलं. उत्तर द्यायचं नाही, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. ते सवयीने दांडी चाचपायला निघाले, एक पाऊल टाकलंही.

"म्हटलं ना काका, बंद आहे," मी ताडकन बोलले. "माझ्यावर तरी विश्वास ठेवा."

काय बोलले मी. त्यांचा एवढा मोठा नेम, पण एका माणसाने रागाने विश्वास मागितला आणि ते लाजले. बरं, म्हणाले. मागे गेले. काडीचं गुल पेटीच्या कडेला टेकलं.

"उघडा आहे, दादा."

आवाज टेबलाच्या बाजूने नव्हता. तो स्कूटरजवळून आला, माझ्या कोपराच्या खालून, कुणी वाकून सीटखाली बघावं आणि तिथूनच बोलावं तसा. आणि स्वच्छ आला. ओठांत काही नव्हतं.

काडी पेटली नाही. काकांचा हात तसाच हवेत राहिला, मग त्यांनी काडी हळूच पेटीत परत ठेवली, पेटी खिशात घातली, आणि मला म्हणाले, पायाशी बघ. मी भिंग काढलं. स्कूटरखालून एक ओली रेघ निघाली होती, फरशीच्या सांध्यातून उताराने, माझ्या चपलेच्या बाजूने, टेबलाच्या पायापर्यंत. तिथे ताटाएवढं तळं झालं होतं. वास सगळीकडे होता. पोस्टमास्तरांनी सांडलेल्या पेट्रोलचा असेल, असं मी धरून चालले होते.

मी बघितलं नव्हतं. माझ्या अंगात बाबांचंच रक्त, मी न बघता म्हटलं होतं, बंद.

मागच्या पायऱ्यांवर पावलं वाजली. आई पायरीवर उभी होती, ती कधीपासून तिथे होती मला माहीत नाही. तिचा हात चौकटीवर होता आणि चेहऱ्यावर रंग नव्हता. तिने ते ऐकलं होतं, हे मला तिच्याकडे बघून कळलं. तिने आधीचंही सगळं ऐकलं होतं. तो आवाज तिच्याइतका कोण ओळखणार?

ती खाली उतरली. बावीस वर्षांनी तिचा पाय त्या फरशीला लागला. साडी जरा उचलून, ओली रेघ ओलांडून ती स्कूटरशी गेली, वाकली आणि दांडी फिरवली. फिरवून पुन्हा चाचपली. मग सरळ उभी राहून काकांकडे वळली. तिचा आवाज बारीक येत होता, बरेच दिवस न उघडलेल्या दारासारखा.

"बंद केला, भाऊजी," ती म्हणाली. "या, तुम्ही बघून घ्या."

काका आले. त्यांना धड दिसत नव्हतं, हात पुढे करून आले. बोट दांडीवर ठेवलं आणि ते तिथेच बराच वेळ ठेवून उभे राहिले. आई त्यांच्या शेजारी उभी होती. मी फडकी आणली आणि गुडघ्यांवर बसून फरशी पुसायला लागले, कारण कुणीतरी ती पुसायला हवीच होती.

फ्लोट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुरा झाला, बाहेर ओट्यावर. बाबांच्या अर्ध्या थेंबाला काकांनी उरलेला अर्धा जोडला. गळती थांबली. पोस्टमास्तरांनी स्कूटर गल्लीच्या टोकापर्यंत नेली, परत आणली, आणि आता ती इथेच राहू दे म्हणाले. ती पुढच्या बाजूला उभी आहे.

काकांचे डोळे आता बरे आहेत. आई दुपारी शिवण घेऊन सगळ्यात खालच्या पायरीवर येऊन बसते. दोघं फार बोलत नाहीत, पण पाण्याचं, शर्टाचं, भाजीचं आता माझ्यावाचून चालतं. काका अजून पाना हातात घेऊन विचारतात, "कॉक बंद?" आणि आम्ही तिघंही थांबतो, आईची सुईसुद्धा थांबते. त्या दिवसानंतर आवाज आलेला नाही. यायला नको, हे मला कळतं, आणि तरी चार श्वास होईपर्यंत मी टेबलाकडे कान देऊन बसते. मग उठते आणि बघून येते.